दोन बारांमधली सवड

दिवाळी आठ-दहा दिवसांवर आली म्हणजे आमच्या नौपाड्यात गोखले रस्त्याच्या कडेने आकाशकंदील, पणत्या आणि रांगोळीचे रंग यांच्या जोडीला टिकल्यांची पिस्तुलेही टांगलेली दिसू लागतात. पिस्तूल घ्यायला आलेल्या मुलाकडे पाहत उभे राहणे हा माझा जुना छंद आहे. हे गिऱ्हाईक मोठे चोखंदळ असते. साडी निवडणारी त्याची आई परवडली! पिस्तूल हातात घेऊन तो ते तोलून पाहतो, एक डोळा मिटतो, चाप दोनदा ओढून पाहतो आणि मग ठरलेला प्रश्न विचारतो, "रिळाचं आहे ना?" एकेक टिकली बसवून उडवायचे पिस्तूल त्याला नको असते. लाल रीळ एकदा आत घातले की न थांबता फटाफट वाजत जाणारे हवे असते. बापाचे लक्ष किमतीकडे असते, आईचे धुराकडे असते, आणि मुलाने विचारलेल्या त्या तीन शब्दांकडे कोणाचेच लक्ष नसते.

माझे लक्ष यंदा तिकडे गेले, त्याला कारण माझा भाचा. तो अमेरिकेत पेनसिल्व्हेनियात गावाबाहेर राहतो. घरामागे दोन-तीन एकर जमीन, तीत भाजीचे वाफे, आणि वाफ्यांखाली बिळे करणारा घुशीच्या जातीचा एक धटिंगण प्राणी. मुलगा नुकताच बारा वर्षांचा झाला. शेजारच्या सगळ्या पोरांकडे बंदुका आहेत, म्हणून त्यालाही एक हवी. भाच्याने मला लिहिले, "मामा, तुम्ही एन. सी. सी.त नेम धरलेला आहे, म्हणून विचारतो. पॉइंट टू-टूची लिव्हरवाली रायफल घ्यायचं ठरलंय. कोणती घेऊ?" पुढे हेन्री, मार्लिन, विंचेस्टर, ब्राउनिंग अशी चार नावे, प्रत्येकीचे वजन आणि किंमत. मुलीला स्थळे पाहताना आपण टिपणे काढतो, तसा तो कागद होता.

आमच्या घरात या पत्राचा निकाल एका वाक्यात लागला. "बंदूक कसली देताय पोराला? बॅट द्या म्हणावं!" असे म्हणून सौभाग्यवती चकल्यांकडे वळल्या. बहुतेक सुज्ञ माणसे हेच म्हणतील. बंदूक घ्यावी की घेऊ नये, हा नीतीचा प्रश्न. आणि घ्यायचीच म्हटल्यावर कोणती घ्यावी, हा दुकानदाराचा प्रश्न, अशी आपण सरळ वाटणी करून टाकतो. मला मात्र जसजसा विचार करू लागलो तसतसे वाटू लागले की, ही वाटणी उलटी आहे. 'घ्यावी की नाही' याचे उत्तर बहुधा शेजारी देतात, गाव देतो, परिस्थिती देते. माझ्या भाच्याच्या गावी ते शेजाऱ्यांच्या पोरांनी आधीच देऊन टाकले होते. माणसाच्या स्वतःच्या हाती जे उरते ते 'कोणती'. आणि त्या एका शब्दात आपण आपल्याला काय काय करू देणार आहोत, हे सगळे येऊन जाते.

भाच्याच्या पत्रात 'लहान' हा शब्द तीन ठिकाणी आला होता. लहान मुलासाठी लहान बंदूक, लहानच काडतूस. आता हे काडतूस खरोखरच लहान असते. त्याचा हा रूढ प्रकार १८८७ सालापासून चालत आला आहे. गोळीचा व्यास साडेपाच मिलिमीटरांच्या जरासा वर, म्हणजे ज्वारीच्या टपोऱ्या दाण्याहून थोडा जास्त. आणि वजन पाव तोळ्याहूनही कमी. पाव तोळ्याची अंगठीसुद्धा हल्ली कोणी हलकी म्हणत नाही, ते सोडा. बार काढला तर खांद्याला धक्का जाणवत नाही, आवाज आपटबारापेक्षा थोडा मोठा. घेणाऱ्याच्या मनात साहजिकच येते की, हे तर खेळणे!

परंतु त्याच काडतुसांच्या डबीवर बारीक अक्षरांत एक सूचना छापलेली असते : दीड मैलापर्यंत धोका. मी एका संध्याकाळी गच्चीवर उभा राहून हा दीड मैल मनातल्या मनात मोजून पाहिला. आमच्या गल्लीतून निघाले तर त्यात स्टेशन आले, तलावपाळी आली, कोपिनेश्वराचे देऊळ आले, जांभळी नाक्याची सगळी मंडई आली. दिवाळीच्या पहाटे राम मारुती रस्त्यावर नवे कपडे घालून लोटणारी ती हजारो तरुण मुले आली. पाव तोळ्याच्या त्या दाण्याच्या आवाक्यात अर्धे ठाणे मावते! तेव्हा 'लहान' हा शब्द बंदुकीच्या दस्त्याकडून उच्चारलेला आहे. नळीच्या तोंडाकडून पाहणाऱ्याला तो ठाऊक नसतो.

पक्षिशास्त्रज्ञ सलीम अली यांची गोष्ट अनेकांना ठाऊक असेल. मुंबईत वाढणाऱ्या या मुलाने दहा-बारा वर्षांचा असताना छर्ऱ्याच्या बंदुकीने एक चिमणी पाडली. तिच्या गळ्यावर पिवळा ठिपका होता. ही कोणती चिमणी, हे घरात कोणाला सांगता येईना, म्हणून मामांनी त्याला बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे मिलार्ड यांच्याकडे धाडले, आणि तेथून एका आयुष्याची दिशा ठरली. ही गोष्ट सांगताना लोक बंदुकीला नकळत थोडे श्रेय देऊन टाकतात. मला ते पटत नाही. छर्ऱ्याच्या बंदुकीने चिमण्या पाडणारी मुले त्या काळी मुंबईत शेकड्यांनी असतील. त्यांतल्या एकाने पडलेली चिमणी उचलून तिचा गळा पाहिला. बार काढल्यानंतर जाऊन पाहावे लागते, आणि पाहायला जायला वेळ लागतो, एवढाच बोध मी त्यातून घेतो. नळीत दुसरे काडतूस तयार असते तेव्हा डोळे पडलेल्या चिमणीकडे जात नाहीत, दुसरी चिमणी शोधू लागतात.

मी कॉलेजात होतो तेव्हा एन. सी. सी. सक्तीची होती. चीनच्या युद्धानंतर १९६३ मध्ये ती सक्ती आली आणि १९६८ मध्ये गेली. वर्षातून एकदा आम्हाला पॉइंट टू-टूची रायफल मिळे. सतरंजीवर पालथे पडायचे, दस्ता खांद्यात रुतवायचा, नळीवरची माशी ठिपक्याखाली आणायची, श्वास अर्धा सोडून थांबायचा. गोळ्या पाच; त्याही हवालदार मोजून देई आणि रिकामी पुंगळी मोजून परत घेई. पण माझ्या मनात राहिली आहे ती रायफल नव्हे, तर लक्ष्यामागचा मातीचा उंच बांध. लाल निशाण लागल्यावाचून आणि त्या बांधाच्या आजूबाजूला कोणी गुराखी नाही ना याची खात्री झाल्यावाचून आम्हाला काडतुसाला हात लावू देत नसत. नेमबाजीच्या पहिल्या नियमांपैकी एक असा आहे की, लक्ष्य पाहा आणि लक्ष्याच्या पाठीमागे काय आहे तेही पाहा. हा नियम मला पुष्कळ सुविचारांहून मोलाचा वाटतो. रागाने बोललेला शब्दसुद्धा ज्याला मारायचा त्याच्या आरपार जाऊन मागे उभ्या असलेल्या कोणाला तरी लागतो, हे संसार केलेल्या माणसाला सांगायला नको. आणि वर झाडलेली गोळी आकाशातच राहते असे समजणाऱ्यांनाही हेच सांगायला हवे. लग्नात, वरातीत हौसेने बार काढून इतरांचा जीव धोक्यात घालणे हा २०१९ च्या दुरुस्तीने आपल्याकडे वेगळा गुन्हा ठरला आहे.

यावर कोणी म्हणेल की, हत्यारात काय दोष आहे? विळीनेही गळा कापतो आणि आपण तर खंडेनवमीला विळी-कोयत्याची पूजा करतो. दृष्टांत चांगला आहे, पण तो उलट्या बाजूने लागतो. विळी आपल्या पायाखाली जागच्या जागी असते. दुधी तिच्याकडे न्यावा लागतो. तिने काही कापले तर ते आपल्या बोटांच्या अंतरावर, आपल्या डोळ्यांदेखत. बंदूक हे असे हत्यार आहे की, ते हाताची मर्यादा ओलांडून जाते आणि हात मात्र जागेवरच राहतो. हत्यार जितके लांब पोचते तितका विचार आधी करावा लागतो, कारण नंतर करायला तेथे आपण नसतो.

आता लिव्हरकडे येतो. सिनेमात घोडेस्वारांच्या हाती जी रायफल असते ती हीच. चापाभोवतीची लोखंडी कडी बोटांनी खाली ओढायची आणि पुन्हा वर आणायची. एवढ्यात रिकामी पुंगळी बाहेर उडते, नळीखालच्या बारीक नळीतून पुढचे काडतूस वर चढते, घोडा मागे ओढला जातो. भाच्याच्या यादीतल्या हेन्रीच्या त्या नळीत पंधरा काडतुसे बसतात. या कडीचे भाच्याला मोठे कौतुक. त्याचे म्हणणे असे की, आपोआप गोळ्या झाडणाऱ्या रायफलीपेक्षा ही बरी. दर बाराला मुलाला हात हलवावा लागतो, म्हणजे दर बाराला त्याने नव्याने ठरवल्यासारखे होते. युक्तिवाद मला आवडला. एका बाराच्या आणि दुसऱ्या बाराच्या मधे माणसाला उभे राहायला थोडी जागा असावी, हे त्याने बरोबर ओळखले होते.

पण इतिहास थोडा चाळला तर गंमत वाटते. ही कडी निघाली ती नेमकी ही जागा बुजवण्यासाठी. त्या आधी ठासणीची बंदूक होती. दारू ओतायची, गोळी घालायची, गजाने ठासायची. कसलेला शिपाई मिनिटाला फार तर तीन बार काढी. बेंजामिन टायलर हेन्री याने १८६० साली आपल्या रायफलीचे पेटंट घेतले आणि पंधरा-सोळा बार एका दमात निघू लागले. पुढे १८७७ मध्ये प्लेव्हना येथे तुर्कांनी विंचेस्टरच्या अशाच रायफली रशियनांवर चालवल्या, तेव्हा लिव्हर हे घाईचे यंत्र होते. आज स्वयंचलित बंदुकांच्या शेजारी ठेवले की तेच यंत्र संयमाचे दिसते. कडी तीच, हातही तोच. आपण कोणत्या बाजूने आलो यावर तिला संथ म्हणायचे की उतावळी, हे ठरते. बैलगाडीतून उतरलेल्या माणसाला सायकल वेगवान वाटते आणि मोटारीतून उतरलेल्याला ती आध्यात्मिक वाटते, तशातलाच हा प्रकार! तेव्हा दोन बारांमधली सवड यंत्रात किती आहे, हे पाहून भागत नाही. यंत्रात कमी असेल तर ती माणसात असावी लागते.

माणसात ती असू शकते, याचा दाखला आमच्या ठाण्यातच आहे. नौपाड्यापासून ठाण्याचा तुरुंग काही लांब नाही. १९ एप्रिल १९१० रोजी अनंत कान्हेरे, कृष्णाजी कर्वे आणि विनायक देशपांडे यांना तेथे फाशी दिले गेले. २१ डिसेंबर १९०९ रोजी नाशिकच्या विजयानंद नाट्यगृहात कान्हेऱ्यांनी कलेक्टर जॅक्सनवर ज्या गोळ्या झाडल्या त्या ब्राउनिंगच्या पिस्तुलातून. हा ब्राउनिंग म्हणजे भाच्याच्या यादीतले चौथे नाव. विंचेस्टरच्या १८९२ आणि १८९४ च्या प्रसिद्ध लिव्हर-रायफली याच जॉन ब्राउनिंगच्या डोक्यातून निघाल्या होत्या. त्याच्या पिस्तुलात कडीबिडी काही नाही. चाप दाबत जायचे. पण त्या तरुणाने ते हाती घेतले तेव्हा आपला फासही त्याबरोबर घेतला होता. त्या कृत्याबद्दल कोणाचे काहीही मत असो, विचार करायला सवड मिळाली नाही असे त्याच्याबद्दल कोणालाच म्हणता येणार नाही. सगळी सवड पहिल्या बाराच्या आधी संपलेली होती आणि हिशेब स्वतःच्या नावावर मांडलेला होता. प्रश्न एवढाच की, गावाबाहेर भाजीच्या वाफ्याशी उभ्या असलेल्या बारा वर्षांच्या मुलात ही सवड कोठून आणायची? ती त्याच्यात नाही म्हणूनच तर तो मूल आहे.

म्हणून मी भाच्याला कोल्हापूरकडच्या एका तरुणाचे उदाहरण लिहिले. कांबळवाडीचा स्वप्नील कुसाळे याने १ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिस ऑलिंपिकमध्ये पन्नास मीटर रायफलच्या तीन स्थितींच्या प्रकारात ४५१.४ गुण मिळवून कांस्यपदक घेतले. त्याच्याच कोल्हापूरची तेजस्विनी सावंत २०१० मध्ये म्युनिकला पन्नास मीटर प्रोनमध्ये जगज्जेती झाली होती. दोघांचेही काडतूस हेच, पॉइंट टू-टू! समोरच्या कागदावर दहा गुणांचे वर्तुळ जेमतेम साडेदहा मिलिमीटरांचे, म्हणजे शर्टाच्या बटणाएवढे. या खेळातली रायफल एकबारी असते. प्रत्येक गोळी हाताने उचलून आत ठेवायची, बंद करायची, मग नेम. जगातल्या उत्तम नेमबाजांना पंधरा काडतुसांची नळी परवडत नाही असे थोडेच आहे! पण खेळाचा नियमच तसा आहे, आणि त्या नियमातच त्यांचे कौशल्य घडते. गोळी ठेवताना मागची गोळी कोठे गेली, याचा विचार होतो.

तेव्हा मी भाच्याला कळवले : एकबारी घे. त्याचे उत्तर दोन दिवसांत आले. "मामा, दुकानदार म्हणतो, एकबारीचा मुलांना तीन महिन्यांत कंटाळा येतो." मी लिहिले की, हीच तर तिची उत्तम शिफारस आहे. शेवटी बाप-लेकांनी माझे अर्धे ऐकले. रायफल लिव्हरचीच आली. पण पहिले वर्षभर नळीत एका वेळी एकच काडतूस जाईल, बाकीची बापाच्या खिशात राहतील आणि बाप सोबत असल्यावाचून कपाट उघडणार नाही, असे ठरले. घरामागे मातीचा बांधही घालून झाला आहे. त्या बिळे करणाऱ्या धटिंगणावर अजून बार काढलेला नाही. मुलाने त्याच्या येण्या-जाण्याच्या वेळा वहीत टिपून ठेवल्या आहेत, असे कळते.

एवढ्यावर हे प्रकरण मला गोड वाटले असते. पण गणपतीत संगमेश्वरकडचा माझा धाकटा चुलतभाऊ आला आणि मी ही सारी हकिगत त्याला रंगवून सांगितली. त्याची थोडी नारळ-सुपारीची बाग आहे, खाली भाताचे कुणगे आहेत, आणि वर्षानुवर्षे वानरांनी व रानडुकरांनी त्याला पिडले आहे. वडिलांपासूनची परवान्याची ठासणीची बंदूक त्याच्या घरी आहे. तिचा उपयोग बहुतेक आवाज करण्यापुरता. डुक्कर मारायचे तर वनखात्याची परवानगी लागते, आणि निवडणूक लागली की बंदूक पोलिसांत जमा करावी लागते. मग दिवाळीतले उरलेले सुतळी बॉम्ब बागेत वाजवायचे. माझे सवडीचे तत्त्वज्ञान त्याने शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाला, "दादा, तुमच्या नातवाला एक काडतूस पुरेल. माझ्याकडं डुकरं दहा येतात. मी ठासेपर्यंत कुणगा उपटून जातात."

या बोलण्याला उत्तर देणे सोपे नाही. मी नौपाड्यात राहतो. माझा तांदूळ दुकानातून येतो, नारळ मंडईतून येतो, आणि ते राखण्यासाठी कोणी रात्र जागवली हे मला ठाऊक नसते. अशा ठिकाणी बसून अहिंसा फार स्वस्त पडते. शिवाय कायद्याकडे पाहिले तर आणखी एक गोष्ट ध्यानात येते. लिटनच्या १८७८ च्या कायद्याने हिंदी माणसाला परवान्यावाचून शस्त्र बाळगण्याची बंदी केली आणि गोऱ्यांना सूट दिली. तो अपमान आपल्या आजोबा-पणजोबांनी सोसला. स्वराज्यातला कायदा १९५९ चा. त्याचे तेरावे कलम पाहावे. पॉइंट टू-टूची रायफल मान्यताप्राप्त रायफल क्लबाच्या सभासदाला, कागदावर नेम मारण्यासाठी. आणि पिकांच्या राखणीसाठी शेतकऱ्याला? ठासणीची बंदूक! म्हणजे ज्याच्यापुढे कागद आहे त्याला चपळ हत्यार आणि ज्याच्यापुढे डुक्कर आहे त्याला सवडीचे. या वाटणीत शहाणपण नाही असे मी म्हणणार नाही; गावात भांडणे होतात, दारू असते, आणि ठासायला लागणाऱ्या मिनिटाने एखादा जीव वाचलाही असेल. पण ही सवड शेतकऱ्याने निवडलेली नाही, त्याला ती लावून दिलेली आहे. माझ्या भाच्याने मुलासाठी जे ठरवले ते सरकारने माझ्या पन्नाशीतल्या भावासाठी ठरवले. मुलाला वर्षभराने दुसरे काडतूस मिळणार आहे.

त्याच कलमात एक पळवाटही आहे. ठासणीच्या बंदुकीने राखण होत नाही अशी अधिकाऱ्याची खात्री पटली, तर त्याला दुसरी गुळगुळीत नळीची बंदूक देता येते. भाऊ त्यासाठीच कागद घेऊन आला होता. सरकारी मराठीत माझा हात बसलेला आहे असा आमच्या कुळात समज आहे. जेवणानंतर आम्ही दोघे अर्ज घेऊन बसलो. किती गुंठे, कोणते पीक, गेल्या तीन वर्षांत किती नुकसान, बागेच्या चारी बाजूंना काय आहे, हे मी त्याला एकेक करून विचारले. पूर्वेला डोंगर, दक्षिणेला ओढा, उत्तरेला स्वतःचेच घर. पश्चिमेला काय, असे विचारल्यावर तो थोडा थांबला आणि म्हणाला, "शाळा. पण रात्रीची बंद असते." मी तेही अर्जात लिहिले. त्याने ते वाचले, चष्मा पुसला आणि खाली सही केली.